नवशिक्यांसाठी टॅरो संच : बावीस मोठ्या पानांआधी चाळीस लहान पाने

चित्रखडी (नौपाडा, ठाणे)

नमस्कार. टॅरो, म्हणजे मांडलेल्या पत्त्यांवरील चित्रांतून अर्थ वाचण्याची पद्धत, नव्याने शिकणाऱ्या मराठी वाचकासाठी पूर्ण ७८ पानांचा संच चितारण्याचे काम मी हाती घेतले आहे. त्याच्या रचनेबाबत येथील चित्रकार, छपाईतले जाणकार, टॅरो शिकवणारे आणि टॅरोवर मुळीच विश्वास नसलेले, अशा सर्वांचे मत मला हवे आहे. पाने भविष्य सांगतात की नाही, हा या धाग्याचा विषय नाही. ज्याच्या हाती हा संच पहिल्यांदा पडेल, त्याला पुस्तिका न उघडता पान पाहून काही उमगावे, यासाठी काय करावे लागेल, एवढेच मी विचारते आहे.

माझे म्हणणे आधीच मांडते. नवा संच करणारे बहुतेक चित्रकार मेजर अर्काना या बावीस मोठ्या पानांपासून सुरुवात करतात, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण मृत्यू, मनोरा, चंद्र, सूर्य असे विषय चितारताना हात रंगतो. परंतु नवशिक्या तेथे अडत नाही. सूर्याचे पान समोर आले की कोणालाही काही ना काही सुचतेच. तो अडतो सहा प्याल्यांपाशी, दोन नाण्यांपाशी, सात काठ्यांपाशी. म्हणजे प्याले, काठ्या, तलवारी आणि नाणी या चारही रंगांच्या एक्क्यापासून दश्शीपर्यंतच्या चाळीस पानांपाशी. संचाचा अर्ध्याहून अधिक भाग याच पानांनी व्यापलेला असल्यामुळे टेबलावरच्या कोणत्याही मांडणीत बहुधा तीच अधिक संख्येने येतात. म्हणून नवशिक्यांच्या संचाचे काम या चाळीस पानांपासून सुरू करावे आणि बावीस पाने शेवटी घ्यावीत, असे माझे ठाम मत झाले आहे.

यामागे इतिहासाचाही आधार आहे. टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलान आणि फेरारा येथील दरबारांत जन्माला आला तो पत्त्यांचा खेळ म्हणून, आणि आज ज्यांना आपण मोठी पाने म्हणतो त्यांतील बहुतेक त्या खेळातील कायमचे हुकूम होते. मिलानच्या विस्कोंती-स्फोर्झा घराण्यासाठी हाताने रंगवलेल्या, सोन्याचा वर्ख लावलेल्या संचातली पाने आज न्यूयॉर्क आणि बेर्गामो येथील संग्रहांत आहेत. अशा जुन्या संचांत आणि पुढे फ्रान्समध्ये रूढ झालेल्या मार्सेय पद्धतीच्या संचांत पाच प्याल्यांच्या पानावर पाच प्याले असतात, बाकी नक्षी. आपल्या नेहमीच्या पत्त्यांत बदाम पंजीवर पाच बदाम असतात तितकेच. खेळायला तेवढे पुरते. १७८१ मध्ये आंत्वान कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने टॅरो हे प्राचीन इजिप्तचे ज्ञान असल्याचे कोणत्याही पुराव्याविना लिहिले आणि त्यानंतर फ्रान्समध्ये ही पाने भविष्यकथनासाठी वापरण्याची लाट आली. तरीही अंकांच्या पानांवर चिन्हेच राहिली आणि त्यांचे अर्थ पाठ करावे लागत.

हे बदलले ते डिसेंबर १९०९ मध्ये, लंडनच्या रायडर प्रकाशनाने काढलेल्या संचामुळे. त्याची कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची आणि चित्रे पामेला कोलमन स्मिथ यांची. स्मिथ यांनी चाळीस लहान पानांपैकी बहुतेकांवर माणसे असलेले प्रसंग काढले. सोला बुस्का या पंधराव्या शतकातील इटालियन संचात असा प्रयत्न झाला होता, आणि त्याची छायाचित्रे १९०७ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये आलेली होती. हृदयात घुसलेल्या तीन तलवारींचे स्मिथ यांचे पान त्या संचातील पानाशी इतके जुळते की त्यांनी ती छायाचित्रे पाहिली असावीत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पण प्रसंग वाचता येईल असे पान घरोघरी पोचवले ते स्मिथ यांनीच. त्या लंडनच्या लायसियम नाट्यगृहाच्या मंडळीत वावरलेल्या होत्या, वेशभूषा आणि रंगमंचाची चित्रे काढत होत्या, आणि त्यांच्या कित्येक पानांवर माणूस पुढे मंचावर उभा आहे व मागे पडदा टांगला आहे असे वाटते, ते त्यामुळेच असावे. नवशिक्याला मदत होते ती या नाट्यातून.

उदाहरणादाखल पाच प्याल्यांचे पान पाहा. काळा झगा पांघरलेली व्यक्ती मान खाली घालून उभी आहे. तिच्यापुढे तीन प्याले लवंडलेले आहेत, मागे दोन शाबूत उभे आहेत, आणि दूरवर नदी, पूल व पलीकडे घर आहे. व्यक्तीचे तोंड सांडलेल्या प्याल्यांकडे आहे, म्हणून मागचे दोन तिला दिसत नाहीत, आपल्याला दिसतात. पानाचा सगळा अर्थ या एका उभ्या राहण्यात आहे. म्हणून प्रत्येक पानाच्या कच्च्या आराखड्याला मी तीन प्रश्न लावते : माणूस काय करतो आहे, त्याचे तोंड कोणीकडे आहे, आणि त्याला न दिसणारे असे काय आपल्याला दिसते आहे. या तिन्हींची उत्तरे चित्रात नसतील तर ते पान पुन्हा काढायचे.

प्रसंग मी आपल्याकडचे घेतले आहेत, परंतु मूळ पानाचा कणा तसाच ठेवून. सहा तलवारींच्या पानात नावाडी, पाठमोरी बाई आणि मूल होडीतून चालले आहेत, होडीत सहा तलवारी उभ्या रोवल्या आहेत, एका अंगाचे पाणी खळबळते आहे आणि पुढचे शांत आहे. ती होडी मी ठाण्याच्या खाडीत आणली, काठाला तिवरे काढली, आणि प्रवासी पाठमोरेच ठेवले, कारण त्यांचे चेहरे दाखवले की दुःख किती हे चित्रकाराने ठरवून टाकल्यासारखे होते. पाच नाण्यांच्या पानात दोन निराधार माणसे बर्फातून, उजळलेल्या रंगीत काचेच्या खिडकीखालून जात आहेत. बर्फाच्या जागी मी आषाढातला पाऊस घेतला. पण वरची उजळलेली खिडकी हलवली नाही, कारण मदत हाताशी असून दिसत नाही ही गोष्ट बर्फात नाही, त्या खिडकीत आहे. चार काठ्यांच्या पानाला तर काहीच करावे लागले नाही. चार खांब आणि त्यांवर फुलांची माळ, हा आपला मांडवच आहे.

माझ्यापुढे तीन प्रश्न उरले आहेत. पानावर अर्थाचा शब्द छापावा का? दरबारातील सोळा पानांचे (प्रत्येक रंगातील राजा, राणी, स्वार आणि हुजऱ्या) काय करावे? आणि छपाई कशी करावी? मोकळेपणाने लिहावे.

पिंपळपार (कळवा)

उपक्रम आवडला. एक मूलभूत शंका आहे. ७८ पानांचा परदेशी सांगाडाच कशाला हवा? आपल्याकडे सावंतवाडीची गंजिफा आहे. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, अशी १२० गोल पाने असतात, आणि ती चितारणारे हात आजही सावंतवाडीत आहेत. मोक्षपटही (सापशिडीचे जुने रूप) आपल्याकडे आहे. या सामग्रीतून पंचवीस-तीस पानांचा स्वतंत्र मराठी संच केला तर नवशिक्याला तो अधिक जवळचा वाटेल आणि पाठ करण्याचे ओझेही कमी होईल, असे मला वाटते.

चित्रखडी

पिंपळपार, तुम्ही सुचवता तो संच कोणीतरी अवश्य करावा. तसे मुक्त रचनेचे संच ऑरॅकल या नावाने प्रसिद्धही आहेत. पण ते टॅरो नव्हे, आणि नवशिक्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. मुक्त संचाचे नियम त्या संचापुरतेच असतात. माझ्या संचावर जो शिकेल त्याला उद्या दुसरा कोणताही टॅरो संच हाती घेता यावा आणि बाजारात मिळणारे कोणतेही पुस्तक वाचता यावे, यासाठी सांगाडा बदलायचा नाही, हे मी पहिल्यापासून ठरवले आहे.

गंजिफेकडून मी वेगळी गोष्ट घेतली आहे, ती म्हणजे रंगांची शिस्त. गंजिफेत प्रत्येक रंगाच्या पानांची पार्श्वभूमी ठरलेली असल्यामुळे पान हातात येताच ते कोणत्या घराण्याचे हे लांबूनही कळते. टॅरोच्या १९०९ च्या संचात तशी शिस्त नाही. माझ्या संचात प्याल्यांच्या चौदाही पानांची भुई निळसर, काठ्यांची गेरूची, तलवारींची राखाडी आणि नाण्यांची हिरवी आहे. टेबलावर दहा पाने मांडली आणि त्यांतली सहा राखाडी दिसली, तर एकही अर्थ ठाऊक नसताना शिकणाऱ्याला काहीतरी दिसलेले असते.

वागळे_छपाई (वागळे इस्टेट, ठाणे)

छपाईच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो, कारण चित्रे पूर्ण झाल्यावर आकार ठरवणारी मंडळी नेहमी अडचणीत येतात.

टॅरोच्या पानाचा रूढ आकार ७० गुणिले १२० मिलिमीटर आहे. चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापणीत जाणारी जादा कड, धरली तर चित्र ७६ गुणिले १२६ चे करावे लागेल. कमी प्रती डिजिटल यंत्रावर काढायच्या असतील तर १३ गुणिले १९ इंचांच्या कागदावर अशी बारा पाने बसतात, म्हणजे सात कागदांत ८४ पाने होतात. तुमची ७८ गेल्यावर सहा जागा उरतात, त्यांचा उपयोग आताच ठरवा. कागद १२ गुणिले १८ चा असेल तर यंत्राच्या पकडीची जागा सोडून दहाच पाने बसतील आणि आठ कागद लागतील. नेहमीच्या पत्त्यांचा ६३ गुणिले ८८ चा आकार घेतला तर मोठ्या कागदावर वीस पाने बसतात आणि खर्च बराच उतरतो, पण तुम्ही वर्णन केलेले पाठीमागचे दोन प्याले आणि दूरचा पूल त्या आकारात वाचता येतील का, ते घरच्या प्रिंटरवर एक पान काढून आधी पाहा.

बहुतेक नवे लोक पानाभोवती दोन मिलिमीटरची बारीक चौकट काढतात. कापणीत कागद अर्धा-एक मिलिमीटर सरकतोच. तेवढ्याने बारीक चौकट एकीकडे जाड आणि दुसरीकडे नाहीशी दिसते. एक तर चित्र कडेपर्यंत न्या किंवा चौकट निदान पाच-सहा मिलिमीटरची ठेवा. अक्षरे आणि महत्त्वाची चिन्हे कापणीच्या रेषेपासून आत ठेवावीत. कोपरे गोल कराच. टोकदार कोपरे पिसताना लवकर दुमडतात, आणि दुमडलेल्या कोपऱ्यावरून पान उलटण्याआधीच ओळखू येऊ लागते.

कागद ३०० ते ३५० जीएसएमचा (दर चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) घ्यावा. ७८ पाने साध्या पत्त्यांच्या दीडपट असतात, त्यामुळे फार जाड कागद घेतला तर गठ्ठा लहान हातात मावत नाही. आता आपल्या हवेबद्दल. पावसाळ्यात ठाण्यात कागद ओल पकडतो. लॅमिनेशन एकाच बाजूला केले तर उघडी बाजू ओल शोषून फुगते आणि पान कमानीसारखे वाकते, म्हणून लॅमिनेशन दोन्ही बाजूंना आणि एकाच प्रकारचे करावे. कागदाचा ग्रेनही (तंतूंची दिशा) सर्व पानांत एकाच दिशेला धरायला सांगावे. चकचकीत लॅमिनेशनवर दिव्याची तिरीप पडते आणि चित्र नीट दिसत नाही, म्हणून मॅट बरे. मात्र मॅटमुळे गडद रंग थोडे फिके दिसतात, हे रंग ठरवतानाच लक्षात घ्यावे. निळा रंग संगणकाच्या पडद्यावर जसा दिसतो तसा चार रंगांच्या छपाईत उतरत नाही. प्याल्यांची चौदा पाने निळ्या भुईवर असतील, तर सगळा संच रंगवण्याआधी निळ्याचा एक नमुना छापून घ्या.

पाठीची नक्षी अर्ध्या फेऱ्यात फिरवली तरी तशीच दिसली पाहिजे. टॅरोत सुलट्या आणि उलट्या पानाचा अर्थ वेगळा धरतात, असे ऐकून आहे. पाठीवरूनच पान उलटे असल्याचे कळले तर पिसण्याला अर्थ राहणार नाही.

सावली_नेरूळ

मी नवी मुंबईत टॅरोचे प्राथमिक वर्ग घेते, त्यामुळे पहिल्या दोन प्रश्नांवर शिकवणाऱ्याच्या बाजूने लिहिते.

चाळीस पानांबद्दलचे चित्रखडी यांचे निरीक्षण बरोबर आहे. वर्ग सोडून जाणारे बहुतेक जण तेथेच थकतात. मात्र शब्दाच्या बाबतीत मी छापण्याच्या बाजूची आहे. पहिल्या महिन्यात शिकणाऱ्याला आपण चुकीचे बोलतो आहोत ही भीती असते आणि पानाच्या तळाशी ‘विरह’, ‘धीर’, ‘भागीदारी’ असा एखादा शब्द दिसला तर तो निदान तोंड उघडतो. पुस्तिका दर पानाला उघडावी लागली की मांडणीचा धागा तुटतो, पाने एकमेकांशी काय बोलतात ते पाहायचे राहून जाते. शब्द लहान अक्षरांत, खाली, चित्राबाहेर छापावा, असे माझे सुचवणे आहे.

दरबारातील सोळा पानांबद्दल माझे म्हणणे असे की त्यांत आधी चार स्वारांकडे पाहावे, कारण स्मिथ यांनी तेथे एक उत्तम सोय करून ठेवलेली आहे आणि पुष्कळ नव्या संचांत तीच पुसली जाते. तलवारींच्या स्वाराचा घोडा भरधाव धावतो आहे; काठ्यांच्या स्वाराचा घोडा पुढचे पाय उचलून उसळला आहे; प्याल्यांच्या स्वाराचा घोडा संथ पावले टाकतो आहे; आणि नाण्यांच्या स्वाराचा घोडा चारही पाय रोवून उभा आहे. चार पाने शेजारी ठेवली की स्वभाव सांगावेच लागत नाहीत, वर्गात मी फक्त घोड्यांचे पाय पाहायला सांगते. आधुनिक करण्याच्या हौसेने घोड्यांच्या जागी मोटारसायकली आणल्या तर ही चाल दाखवायची कशी? घोडे काढू नका, ही कळकळीची विनंती.

राजा आणि राणी यांची पाने याहून अवघड आहेत, कारण आठही जण सिंहासनावर बसलेले आहेत आणि बसलेल्या माणसाचा स्वभाव नवशिक्याला चटकन वाचता येत नाही. तेथे हातांकडे लक्ष द्यावे. नाण्यांची राणी मांडीवरच्या नाण्याकडे वाकून पाहते. तलवारींची राणी एक हात पुढे करून जणू समोरच्याला बोल म्हणते. तुमच्या चित्रांत सिंहासने झोपाळा, चौरंग, पारावरचा कठडा अशी बदलली तरी चालतील, हात मात्र तसेच हवेत.

विवेकवाट (घोडबंदर रोड, ठाणे)

पानांमुळे भविष्य कळते असे मी मानत नाही आणि वाद घालण्यासाठीही आलेलो नाही. परंतु संच नवशिक्यांसाठी असेल तर त्यासोबतची पुस्तिका हा रचनेचाच भाग आहे, आणि तिच्या भाषेविषयी मला दोन गोष्टी सुचवायच्या आहेत.

बाजारातील पुष्कळ पुस्तिका ‘धनलाभ होईल’, ‘जवळची व्यक्ती दगा देईल’ अशा भविष्यकाळी वाक्यांत लिहिलेल्या असतात. नवशिक्या ही वाक्ये पाठ करतो आणि मैत्रिणीला, शेजाऱ्याला, कधी काळजीत बुडालेल्या नातेवाइकाला तशीच ऐकवतो. तुमची पुस्तिका वर्तमानकाळात आणि प्रश्नरूपात लिहावी : या पानातला माणूस कशाकडे पाठ करून उभा आहे, तुम्ही कशाकडे पाठ केली आहे. चित्रखडी यांनी आराखड्याला लावलेले तीन प्रश्न पुस्तिकेतही तसेच वापरता येतील. दुसरे असे की आजार, गर्भधारणा, मृत्यू आणि कोर्टकचेरी यांचे निर्णय पानांवर घेऊ नयेत हे पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर स्पष्ट छापावे; शेवटच्या पानावरील बारीक अक्षरे कोणी वाचत नाही.

त्याच अनुषंगाने मृत्यूच्या पानाचे काय ठरवले आहे ते सांगावे. आपल्याकडे ते पान पाहून घरातील वडीलधारी माणसे हा संच घराबाहेर ठेवायला सांगतील, अशी मला शंका वाटते.

रानजाई (येऊर पायथा, ठाणे)

सगळी चर्चा वाचली. पूर्ण संच वारली शैलीत केला तर? आपल्या जिल्ह्याची कला आहे, रेषा सोप्या आहेत आणि गेरू-पांढऱ्या रंगात छपाईचा खर्चही कमी येईल. मृत्यूचे पानसुद्धा त्या शैलीत भीतीदायक वाटणार नाही.

चित्रखडी

सर्वांचे आभार. ज्यांच्याशी माझा मतभेद आहे त्यांना आधी उत्तर देते.

रानजाई, वारली चित्रांतील देह दोन त्रिकोणांचा असतो आणि त्याच्या झोकातून नाचणे, वाकणे, ओझे वाहणे अतिशय जिवंत दिसते, त्यामुळे दहा काठ्यांची मोळी घेऊन वाकून चाललेला माणूस त्या शैलीत उत्तम उतरेल. परंतु आठ तलवारींच्या पानात बाईच्या डोळ्यांवर पट्टी आहे, आणि नऊ तलवारींच्या पानात अंथरुणात उठून बसलेल्या व्यक्तीने तोंड हातांत लपवले आहे. चेहराच नसेल तर ही पाने मुकी होतात. शैलीपेक्षाही मोठा मुद्दा मला वाटतो तो असा की वारली ही लग्नचौक लिहिणाऱ्या सवासिनींची, विधीशी बांधलेली कला आहे. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंताने तिला स्वतःच्या हाताने जगापुढे नेले आणि त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. मी नौपाड्यात बसून त्या आकृत्यांची नक्कल करून त्यांवर टॅरोचे अर्थ चढवावेत, हे मला पटत नाही. येऊरच्या पाड्यांतील एखाद्या वारली चित्रकाराने स्वतःच्या नावाने असा संच केला तर मी तो आनंदाने विकत घेईन.

सावली, घोड्यांबद्दल तुमचे म्हणणे पूर्णपणे मान्य आहे; मी स्वारांच्या पानांवर अजून काम सुरू केलेले नव्हते आणि आता चारही घोडे त्याच चालीने येतील. हातांचा मुद्दाही मी राजा-राण्यांच्या आराखड्यांत लिहून ठेवला आहे. शब्दाबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत होऊ शकत नाही. ‘विरह’ हा शब्द छापला की डोळा आधी शब्दाकडे जातो आणि चित्र त्याचे उदाहरण होऊन बसते. पाच प्याल्यांखाली ‘शोक’ छापले तर मागचे दोन उभे प्याले कोणी पाहणारच नाही, आणि हे पान शिकवायचे असते ते त्याच दोन प्याल्यांसाठी. शिवाय छापलेला शब्द पुसता येत नाही. दोन वर्षांनी त्या व्यक्तीची समज पुढे गेली तरी पान तेच एक सांगत राहते. तरीही तुमच्या विद्यार्थ्यांची पहिल्या महिन्यातील भीती खरी आहे, आणि तिच्यासाठी वागळे_छपाई यांनी दाखवलेल्या सहा रिकाम्या जागा मला सापडल्या आहेत. त्यांतील चार जागांवर मी चार रंगांची चार सूचीपाने छापेन : प्रत्येकावर त्या रंगाची चौदा पाने आणि प्रत्येकासमोर दोन-तीन शब्द. शिकणाऱ्याने ती मांडणीशेजारी ठेवावीत आणि गरज संपली की बाजूला काढावीत.

विवेकवाट, पुस्तिका प्रश्नरूपात लिहिण्याची सूचना मी जशीच्या तशी घेते, आणि पहिल्या पानावरील ताकीदही.

मृत्यूच्या पानावर मी यमराज आणि रेडा यांचाही विचार केला होता. परंतु यम आला की धर्मराज, पाप-पुण्याचा हिशेब, सावित्रीची कथा हे सगळे सोबत येते, आणि मूळ पानात न्यायनिवाडा नाही. मूळ पानात चिलखत घातलेला सांगाडा पांढऱ्या घोड्यावरून संथपणे पुढे चालला आहे, त्याच्या काळ्या निशाणावर पांढरा गुलाब आहे, घोड्यापुढे राजा पडला आहे, धर्मगुरू हात जोडून उभा आहे, लहान मूल मात्र न घाबरता वर पाहते आहे, आणि दूर दोन मनोऱ्यांमध्ये सूर्य आहे. मी स्वार ठेवला आहे, पण तो डोक्यावरून घोंगडी घेतलेला, पाठमोरा आणि लांब गेलेला आहे. पुढे येते ते मूल, हातात झेंडूचे फूल घेऊन, आणि सूर्य मूळ पानापेक्षा मोठा आहे. पान मवाळ करायचे नव्हते, म्हणून पडलेला राजा तसाच आहे, मुकुट चिखलात.

सावली_नेरूळ

सूचीपानांची तोड मला मान्य आहे, आणि वर्गासाठी ती छापील शब्दापेक्षा बरीही ठरेल, कारण ती काढून घेण्याचा दिवस मला ठरवता येईल. एक विनंती आहे : मोठ्या पानांतील आठवा आणि अकरावा क्रमांक कसे दिले आहेत ते कळवावे. मार्सेय संचांत न्याय आठवा आणि बळ अकरावे असते, वेट यांनी त्यांची अदलाबदल केली. दोन पुस्तके घेऊन बसलेला विद्यार्थी येथे हमखास गोंधळतो.

चित्रखडी

वेट यांचाच क्रम ठेवला आहे, म्हणजे बळ आठवे आणि न्याय अकरावा, कारण आज मिळणारी बहुतेक पुस्तके त्या क्रमाने आहेत. पुस्तिकेत दोन्ही पानांखाली एकेका ओळीत ही अदलाबदल नोंदवते.

पिंपळपार (कळवा)

१९०९ च्या चित्रांचा कणा तुम्ही इतक्या जवळून पाळता आहात, तर हक्कांचे काय? पुढे विक्री करणार असाल तर हे आधी पाहिलेले बरे.

चित्रखडी

पाहिले आहे. भारतात चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे कॉपीराइट राहतो. पामेला कोलमन स्मिथ १९५१ मध्ये इंग्लंडमधील ब्यूड येथे वारल्या, त्यामुळे त्यांच्या मूळ चित्रांवरचा हक्क आपल्याकडे २०११ अखेर आणि ब्रिटनमध्ये, तेथील सत्तर वर्षांच्या मुदतीनुसार, २०२१ अखेर संपला. नंतरच्या काळात नव्याने रंगवून काढलेल्या आवृत्त्यांवर त्यांचे त्यांचे दावे असू शकतात, म्हणून मी कोणत्याही चालू आवृत्तीवरून गिरवत नाही, रंगयोजना माझी आहे आणि रेषाही माझ्या आहेत. अक्षरांसाठी ‘मुक्ता’ हा मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्त परवान्याचा फाँट घेते आहे. व्यावसायिक छपाईला त्याची मुभा आहे आणि त्याची जोडाक्षरे लहान आकारातही भरून येत नाहीत.

उरलेल्या दोन जागांपैकी एकीवर संचाचे नाव आणि विवेकवाट यांनी सुचवलेली ताकीद येईल. दुसरीवर स्मिथ यांच्याविषयी आठ-दहा ओळी असतील. हा संच कित्येक दशके प्रकाशक आणि वेट यांच्याच नावांनी ओळखला गेला. स्मिथ यांनी नोव्हेंबर १९०९ मध्ये अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिगलिट्झ यांना लिहिलेल्या पत्रात, फार थोड्या पैशांत एक मोठे काम नुकतेच पूर्ण केल्याचे कळवले होते. पानांच्या कोपऱ्यात त्यांची सापासारखी वळणदार सही आहे, तेवढीच त्यांची खूण त्या संचावर राहिली. नवशिक्याला हे पहिल्याच दिवशी ठाऊक असावे.

वागळे_छपाई (वागळे इस्टेट, ठाणे)

म्हणजे ८४ जागा भरल्या. आता एक काम करा. चार रंगांचे प्रत्येकी एक लहान पान, मृत्यूचे पान, एक सूचीपान आणि पाठीची नक्षी एवढेच घेऊन एका कागदाचा नमुना काढा, आणि तो श्रावण संपेपर्यंत उघड्या खिडकीजवळ ठेवा. वाकला तर लॅमिनेशन बदलू. निळा मळकट आला तर भुईचा निळा थोडा उजळ करू. सूचीपानावर चौदा ओळी आहेत, त्यामुळे अक्षर आठ पॉइंटच्या खाली जाणार नाही एवढे पाहा. राखाडी भुईवर पांढरी अक्षरे काढू नका. रंग जुळताना केसभर सरकले की बारीक मात्रा-वेलांट्या बुजतात. काळी अक्षरे काढा.

चित्रखडी

नमुन्यासाठी प्याल्यांची पंजी, तलवारींची छक्की, नाण्यांची पंजी आणि काठ्यांची दश्शी घेते. चारही पानांची भुई रंगवून झाली आहे. मृत्यूच्या पानावरचा चिखल अजून सुकायचा आहे. फाइल ब्लीडसह तयार झाली की येथेच कळवते, आणि सावली यांच्या वर्गातील कोणी नाव झाकून या पानांकडे पाहायला तयार असेल तर त्यांनी पान पाहून काय चालले आहे असे सांगितले, ते शब्द जसेच्या तसे लिहून पाठवावेत.

सावली_नेरूळ

पाठवते. नवी तुकडी सुरू होते आहे आणि त्यांतील कोणीही अजून टॅरोचे एकही पान पाहिलेले नाही, त्यामुळे शिकवायला सुरुवात करण्याआधीच त्यांना विचारते.